सैतानाचा मनोरा कोणाचा?

वर्गात भूगोल शिकवताना मी नकाशावरचे नाव वाचतो आणि पुढे सरकतो. ते नाव कोणी ठेवले, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. पण नाव ठेवणे ही सत्ता आहे, हे आपण भोगून जाणतो. म्हणून हे टिपण.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात एक प्रचंड सुळका उभा आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ८६७ फूट. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील शिलारस वर आला, निवताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. भोवतालचा मऊ खडक पाऊसपाण्याने झिजला, गाभा उघडा पडला. निसर्गाची गोष्ट एवढीच. तीत सैतान कुठेही नाही.

तरी सरकारी नकाशावर नाव आहे 'डेव्हिल्स टॉवर', सैतानाचा मनोरा. लाकोटा लोक त्याला 'मातो टिपिला' म्हणतात. म्हणजे अस्वलाचे घर. कायोवांच्या कथेत अस्वल पाठीस लागलेल्या मुली खडकावर चढल्या, खडक उंच वाढला, अस्वलाच्या नखांचे ओरखडे त्यावर राहिले आणि मुली आकाशात तारका झाल्या.

मग सैतान आला कोठून? १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने ब्लॅक हिल्स हा डोंगराळ प्रदेश सू लोकांसाठी राखीव झाला. त्याच्या पश्चिमेचा, हा सुळका असलेला मुलूखही त्यांच्या संमतीवाचून गोऱ्यांनी वसवू नये, असे ठरले. १८७४ मध्ये तेथे सोने असल्याची बातमी फुटली. १८७५ मध्ये सोन्याची खातरजमा करायला सरकारी तुकडी गेली. तिच्या संरक्षक फौजेचा प्रमुख कर्नल रिचर्ड डॉज याने लिहिले की, येथील लोक याला 'दुष्ट देवाचा मनोरा' म्हणतात. त्यावरून 'सैतानाचा मनोरा' रूढ झाले. दुभाष्याची चूक झाली असावी, असे अभ्यासक म्हणतात. असेलही. पण चूक एकाची आणि शिक्का दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर, हे कसे?

१८७७ मध्ये ब्लॅक हिल्स कायद्याने काढून घेतले गेले. १९०६ मध्ये हा सुळका अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक ठरला, त्याच नावाने. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्सची भरपाई द्यावी असा निकाल दिला. सू लोकांनी पैसे नाकारले, जमीन मागितली. १९९५ पासून जून महिन्यात गिर्यारोहकांनी स्वेच्छेने सुळका चढू नये, अशी विनंती केली जाते. २०१४ मध्ये आर्व्होल लुकिंग हॉर्स यांनी नाव बदलण्याची रीतसर मागणी केली. पर्यटनाचा धंदा बुडेल, असा विरोध झाला. नाव तेच आहे.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली आणि नाव लागायला १९९४ उजाडले. वस्त्यांची जातिवाचक नावे काढण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारला घ्यायला २०२० उजाडले. तेव्हाही 'नावात काय आहे?' असे विचारणारे होतेच.

नाव बदलले म्हणून जमीन परत मिळत नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या देवाला सैतान ठरवले, त्याची जमीन घेताना हात कापत नाही. यापुढे मी वर्गात नकाशा उघडीन, तेव्हा प्रत्येक नावापाशी थांबणार आहे.