पॅकिंग पातळच हवं!

पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. तरीही १९८२ साली बाजारात आलेल्या आणि १९९१ पर्यंत बनत राहिलेल्या पोर्शे ९४४ या जर्मन स्पोर्ट्स कारचं अडीच लिटरचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. इतर अनेक गाड्यांत सिलिंडरला आतून लोखंडी स्लीव्ह असते. इथे तीही नाही. धातूत सुमारे १७ टक्के सिलिकॉन मिसळलेलं असतं. ब्लॉक ओतून घासून झाला की रसायनानं वरचं अ‍ॅल्युमिनियम किंचित झिजवतात, सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडतात आणि पिस्टन त्या कणांवरून सरकतो.

हे इंजिन वितळत नाही, कारण उष्णता भिंतीत साठायच्या आतच पाणी ती उचलून नेतं. आणि पाणी पळतं ते वॉटर पंपामुळे, म्हणजे आपल्या गॅरेजांमधल्या भाषेत ‘वॉटर बॉडी’मुळे.

थोडं गणित करू. युरोपात विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या ९४४ ची ताकद होती १६३ अश्वशक्ती, म्हणजे १२० किलोवॅट. पूर्ण जोरात पळताना ढोबळमानानं ८० किलोवॅट उष्णता पाण्यात जाते असं धरा. म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे चाळीस गिझर एकदम चालू! एवढी उष्णता उचलताना पाणी दहाच अंशांनी तापावं असं वाटत असेल, तर दर सेकंदाला साधारण दोन लिटर पाणी फिरलं पाहिजे. गाडीत एकूण पाणी आठ लिटरच्या आसपास. म्हणजे सगळं पाणी चार सेकंदांत एक फेरी मारून परत येतं. हे काम एक लहानशी फिरकी करते.

पंपावाचून भागतच नाही असं मात्र नाही. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत सुरुवातीच्या अडीचेक हजार गाड्यांनंतर पंप काढूनच टाकला होता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड खाली उतरतं, तेवढ्यावर ती गाडी लाखोंच्या संख्येनं धावली. पण तिचं इंजिन होतं जेमतेम वीस अश्वशक्तीचं. आठपट ताकद हवी असेल तर पाण्याला ढकलावंच लागतं.

९४४ मध्ये हा पंप इंजिनाच्या तोंडावर, टायमिंग बेल्टच्या वाटेवर बसवला आहे. बेल्टचे दाते कॅमशाफ्ट फिरवतात आणि त्याच बेल्टची गुळगुळीत पाठ पंपाची चाकी फिरवते. थर्मोस्टॅटही पंपाच्याच अंगात बसतो. रचना देखणी आहे, पण धोक्याची. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर बेल्ट तुटतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जिथल्या तिथे थांबतात, पिस्टन मात्र वर येतच राहतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. स्वस्तातला पंप गेला म्हणून अख्खं हेड खोलायची वेळ येते ती अशी. बेल्ट फार ताणला तरी त्याचा भार त्याच बेअरिंगवर पडतो. सैल ठेवला तर दाते उडी मारतात. म्हणूनच कंपनीनं हा ताण मोजायला ‘पी ९२०१’ नावाचं खास हत्यार काढलं.

आता पंपाच्या पोटात डोकावू. एका टोकाला पाण्यात बुडालेली फिरकी, दुसऱ्या टोकाला कोरडी चाकी, मधून एकच दांडा. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या दांड्याभोवतीनं पाणी बाहेर का येत नाही? तिथे दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर टेकलेल्या असतात: बहुधा एक कार्बनची, दुसरी सिरॅमिकची. एक फिरते, दुसरी स्थिर, आणि स्प्रिंग त्यांना जवळ दाबून धरते. या चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की त्यांची सपाटी प्रकाशलहरींच्या पट्ट्यांनी तपासतात. दोघींच्या मधे पाण्याचा एक थर राहतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून पातळ. तोच त्यांना वंगण देतो. थर नाहीसा झाला तर चकत्या जळतील, जाड झाला तर पाणी गळेल.

फटीचा नियमच तसा आहे. दोन सपाट पृष्ठभागांमधून होणारी गळती फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. बाकी सगळं तेच ठेवून फट शंभरपट केली, तर गळती दहा लाखपट! पंपाला खालच्या बाजूनं एक बारीक भोक ठेवलेलं असतं ते यासाठीच: सील म्हातारं झालं की पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून ठिबकावं. ते भोक बुजवणं म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणं.

आणि आता पॅकिंग, म्हणजे गॅस्केट. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारा हा कागदासारखा तुकडा अख्ख्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग. गळती दिसली की “जरा जाड पॅकिंग टाका” असा सल्ला हमखास मिळतो. पदार्थविज्ञान नेमकं उलट सांगतं.

सहा मिलिमीटरचा बोल्ट दहा न्यूटन-मीटरनं आवळला की तो सुमारे ८०० किलोच्या जोरानं दाबून धरतो. आवळताना बोल्ट स्वतः स्प्रिंगसारखा ताणला जातो, आणि हा दाब येतो तो त्या ताणातून. तीन सेंटिमीटरचा बोल्ट ताणला जातो किती? मिलिमीटरच्या जेमतेम पाच-सहा शतांशांनी. आता तापून-निवून पॅकिंग तीन शतांशांनी चेपलं तर? बोल्टाचा निम्मा ताण गेला, म्हणजे ८०० किलोंचे ४०० झाले. पॅकिंग जितकं जाड, तितकं ते जास्त चेपणार. शिवाय ज्या पंपांची फिरकी ब्लॉकच्या भिंतीला लागून फिरते, तिथे जाड पॅकिंगमुळे ती भिंतीपासून दूर जाते आणि पाणी ढकलायची ताकद घटते. म्हणून नियम असा: खाचखळगे भरतील एवढंच, आणि त्यातलं सगळ्यात पातळ.

मग कोणतं घ्यायचं? पृष्ठभाग सपाट आणि निर्मळ असेल तर रबराचा पातळ मुलामा दिलेलं पत्र्याचं पॅकिंग उत्तम. ते फारसं चेपतच नाही. पण खळगे त्याला सोसत नाहीत. जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर गंजानं बारीक खड्डे पडलेले असतात. तिथे तंतुमय कागदी पॅकिंग समजूतदार ठरतं. पाणी लागलं की त्याचे तंतू फुगतात आणि बारीक वाटा आपोआप बंद होतात. नखाला जाणवणारे खोल खड्डे मात्र कोणत्याही पॅकिंगनं भरत नाहीत. ते इपॉक्सीनं भरून सपाट करावे लागतात.

सिलिकॉनची ट्यूब हा अनेकांचा लाडका उपाय. पण ते जितकं बाहेर दिसतं तितकंच आतही पसरतं. आतला पापुद्रा सुटतो, पाण्याबरोबर फिरतो आणि रेडिएटरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटमध्ये अडकतो. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी थापलं तर ते वंगणासारखं वागतं आणि आवळताना पॅकिंग जागेवरून सरकतं.

जुनं पॅकिंग काढताना पोलादी पट्टीनं खरवडू नका. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, आणि एक आडवा ओरखडा म्हणजे पाण्याला खोदून दिलेला पाट. प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरा. जुन्या काळच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते भिजवून काढा. कोरडं घासून धूळ उडवू नका. मग सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून सपाटी बघा. बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळा; एका कडेनं सुरुवात केली तर दुसरी कड उचलते. आणि नळाचं पाणी नको. शुद्ध पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंटच भरा. पुन्हा खड्डे पडू न देण्याचं काम तेच करतं.

हिशेब सरळ आहे. पंप बदलायला आणि बेल्ट बदलायला इंजिनाचं तेच तोंड उघडावं लागतं, आणि खर्च मुख्यतः त्या उघडझाकीचा असतो. त्यामुळे बेल्ट निघालाच आहे तर पंपाची चाकी हातानं फिरवून पाहा. खरखर, हलका खेळ किंवा भोकाखाली सुकलेल्या कूलंटचा डाग, यातलं एक जरी सापडलं तरी पंप बदला, मूळ जाडीचं पॅकिंग लावा आणि बोल्ट टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळा.