बाटलीवरचा रंगीत त्रिकोण

काल कृषी सेवा केंद्रात एक काका विचारत होते, "हिरवा त्रिकोण म्हणजे सेंद्रिय ना?" नाही हो काका!

कीटकनाशकाच्या लेबलवरचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा. हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, पण विषच.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी पुरुषभर उंच झाली होती; फवारा थेट तोंडावर यायचा.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं श्वासातून तर जातातच, घामेजल्या कातडीतूनही भिनतात. लाळ-घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर लगेच दवाखाना गाठा. बाटली किंवा लेबल सोबत न्याच. उतारा त्यावर लिहिलेला असतो.

मजुराला हातमोजे-मास्क देणं मालकाचंच काम आहे.

शंका असेल तर लेबलचा फोटो कमेंटमध्ये टाका.