निष्कास शीर्षनळी, जुन्या मोटारगाडीची

निष्कास शीर्षनळी, जुन्या मोटारगाडीची : एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातील जळालेले वायू स्वतंत्र नळीने बाहेर आणून ठराविक अंतरावर एकत्र करणारी पोलादी नळ्यांची जुडी. व्यवहारात हिला ‘हेडर’ म्हणतात. मूळच्या ओतीव लोखंडी बहुशाखी नळाच्या जागी ती बसवितात. मुंबईच्या कुर्ला उपनगरात तयार झालेली फियाट ११०० डी व तिचेच १९७४ पासूनचे ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे रूप, ही याची सोयीची उदाहरणे होत. त्यांचे एंजिन चार सिलिंडरांचे व १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे असते.

तत्त्व : निष्कास झडप उघडताच दाबतरंग नळीतून निघतो. नळ्यांच्या संगमाशी छेद एकदम वाढत असल्याने तो विरलतरंगाच्या रूपाने परततो व सिलिंडरात उरलेले वायू ओढून घेतो. तप्त वायूत तरंगाचा वेग सेकंदास सु. ५०० मी. धरल्यास ९० सेंमी. नळीतून जाऊन येण्यास ३.६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात मिनिटास ५,००० फेरे करणारा भुजादंड १०८° फिरतो. २,५०० फेऱ्यांना मात्र ५४° च. यामुळे कोणतीही एक लांबी सर्व वेगांना अनुकूल ठरत नाही.

निवड : चारही नळ्या एकत्र आणणारी रचना उच्च वेगास, तर दोन-दोन नळ्या जोडून मग एक करणारी मध्यम वेगास उपकारक असते. या एंजिनाचा प्रज्वलनक्रम १-३-४-२ असल्याने दुसऱ्या रचनेत १ व ४ आणि २ व ३ या जोड्या करतात. शहरी रहदारीत हीच रचना योग्य होय. नळी फाजील रुंद घेतल्यास वायूचा वेग मंदावून कमी फेऱ्यांना ओढ घटते.

जोडणी : एंजिन थंड असताना बॅटरीची तार सोडवून, गंजलेल्या नटांना तेल देऊन मूळ नळ उतरवितात. नवीन पट्टी सपाट असावी व तिची छिद्रे सिलिंडर-शीर्षावरील द्वारांशी तंतोतंत जुळावीत. सुकाणूदंड, ब्रेकच्या नळ्या व स्टार्टरची तार यांपासून पुरेसे अंतर ठेवावे. एंजिन तापून थंड झाल्यावर नट पुन्हा आवळावेत. त्यानंतर कार्ब्युरेटरमधील मिश्रण तपासावे. ध्वनिशामक काढू नये.

मर्यादा : मूळ कॅम दंड व कार्ब्युरेटर कायम असता शक्तीतील वाढ अल्पच असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व एंजिनात मोठे फेरफार न झालेल्या मूळ स्वरूपातील खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. या प्रकारच्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतून निवृत्त झाल्या. त्यामुळे सिलिंडर-शीर्ष न कापता, पूर्ववत करता येईल अशीच जोडणी करावी आणि उतरविलेला ओतीव नळ जपून ठेवावा.