उलार गाडीची शर्यत

उसाचा हंगाम लागला की वसमत भागात कारखान्याच्या वाटेवर एक दृश्य हमखास दिसते. ओढ्यावरून रस्ता चढाला लागलेला, ट्रॅक्टरमागे उसाने गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर क्लच सोडतो आणि पुढची चाके वीतभर हवेत जातात. स्टेअरिंग कितीही फिरवा, उपयोग शून्य. चाक जमिनीला टेकलेलेच नाही तर वळणार काय? म्हणून बरेच जण बंपरवर लोखंडी वजने लावतात.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला यात नवे काही नाही. हळदीची पोती मागच्या बाजूला जास्त रचली की जू वर उचलले जाते, बैलांच्या माना ताणल्या जातात. त्याला आपल्याकडे शब्दच आहे: गाडी उलार झाली. मग दोन पोती पुढे सरकवायची. आसाच्या पुढे किती ओझे आणि मागे किती, हा तराजू शेतकऱ्याला कागद-पेन्सिलीविना कळतो.

1965 साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने मात्र मुद्दाम उलार मोटारी बांधल्या. तिथे पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 402 मीटरच्या सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांची शर्यत लागते. थांबलेल्या जागेवरून सुटायचे आणि आधी टोक गाठायचे. वळण नाही, डावपेच नाहीत. विदर्भातला शंकरपट पाहिलेल्याला हा प्रकार चटकन ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की तिथे जोर बैलाच्या खुरांतून जमिनीत उतरतो, इथे मागच्या दोन टायरांतून.

अडचण नेमकी तिथेच होती. सात लिटरचे ‘हेमी’ इंजिन ताकदीला कमी नव्हते, पण दिवा हिरवा झाला की टायर जागच्या जागी फिरून धूर काढत. काळ्या रानात पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टर फसतो, तशी गत. टायरची पकड दोन गोष्टींवर ठरते: रबर आणि रस्ता यांच्यातले घर्षण, आणि टायरवर पडणारा भार. आपल्याकडे मागच्या मोठ्या टायरांत पाणी भरतात ते भार वाढवायलाच. पण शर्यतीत किलोन्‌किलो वाचवायचा असतो. वजन वाढवायचे नाही आणि मागचा भार तर वाढवायचा, हे जमवायचे कसे?

क्रायस्लरच्या अभियंत्यांनी वजन जागेवरच ठेवले आणि त्याखालची चाके हलवली. डॉज आणि प्लिमथ गाड्यांचा मागचा आस सुमारे 38 सेंटिमीटर पुढे घेतला, पुढचा सुमारे 25 सेंटिमीटर. हिशेब करून पाहू. समजा, मूळ गाडीत दोन आसांमधले अंतर 295 सेंटिमीटर आहे आणि मागच्या चाकांवर 45 टक्के भार आहे. म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून 133 सेंटिमीटर मागे. तो आस 25 सेंटिमीटर पुढे गेला की हे अंतर 158 होते, आणि मागचा आस 38 पुढे आल्याने दोन आसांमधले अंतर उरते 282. आता 158 भागिले 282 करा: मागच्या चाकांवर 56 टक्के. एक किलोही न वाढवता!

गाडी सुटली की यात आणखी भर पडते. ढकल मिळते जमिनीलगत, पण गुरुत्वमध्य असतो वर. त्यामुळे गाडी मागे कलू पाहते. ढकल वजनाच्या निम्मी आणि गुरुत्वमध्य 60 सेंटिमीटर उंच धरला, तर आणखी दहा टक्क्यांहून थोडा जास्त भार मागे सरकतो. आस जवळ आले की हा सरकणारा भारही वाढतो. ट्रॅक्टर तोंड उचलतो त्यामागे हेच गणित आहे, शिवाय ट्रॉलीची ओढ. हूक जितका उंच तितका धोका मोठा, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला एक-दोन सेकंद पुरतात. हूक खाली ठेवा, हे जाणत्यांचे सांगणे त्यासाठीच असते.

या मोटारी दिसायला मात्र विचित्र होत्या. मागचे चाक जवळजवळ दाराला चिकटलेले, पुढचे बंपरखाली सरकलेले आणि मागे लांबलचक डिकी लोंबकळते आहे. पत्रा हलका करायला बॉडी ॲसिडच्या हौदात बुडवून पातळ केली होती. लोक हसले आणि ‘फनी कार’ हे नाव चिकटले. या शर्यती भरवणाऱ्या ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ने कारखान्यातल्या प्रायोगिक गाड्यांच्या वर्गात त्यांना घ्यायला नकार दिला. त्याने काही बिघडले नाही, असे माझे मत. डिक लँडी, रॉनी सॉक्स यांच्यासारखे चालक दुसऱ्या संघटनेच्या शर्यतींत आणि खासगी जुगलबंदीत उतरले आणि हीच चेष्टेची वाहने बघायला लोक येऊ लागले.

हा खेळ फार काळ टिकला नाही. 1966 मध्ये शर्यतीसाठी बांधलेली मर्क्युरी कॉमेट आली: नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर फायबरग्लासची अख्खी बॉडी, मागच्या बाजूला बिजागरी लावलेली. पेटीच्या झाकणासारखी उघडायची. सांगाडाच नव्याने बांधायचा म्हटल्यावर इंजिन हवे तिथे बसवता येते. आस सरकवण्याचा खटाटोप कशाला? नाव तेवढे मागे राहिले. आजही त्या वर्गाला फनी कारच म्हणतात.

पाव मैलाची शर्यत आपल्या राज्यातही पोचली आहे, लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर. पण मला आजच्या फनी कारचा वेगळाच भाग आवडतो. मागे दोन दांडे निघतात आणि त्यांच्या टोकाला छोटी चाके असतात. गाडी फारच उलार झाली, तर ती चाके जमिनीला टेकतात. अंगणात सोडलेली बैलगाडी मागे कलंडू नये म्हणून तिला लाकडी टेकू देतात, तसेच ते काम.