जुनी मोटार आणि आहुप्याची हवा

पावसाळा सुरू झाला म्हणजे पुण्यामुंबईच्या कुटुंबांना सह्याद्रीची ओढ लागते. पुण्याहून चाकण, राजगुरुनगर, मंचर, घोडेगांव असें करीत डिंभ्याच्या धरणाशीं यावें आणि तेथून चढत आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोंकाला आहुपे या गांवीं पोहोंचावें, हा त्यांतलाच एक आवडता मार्ग. गांव सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर वसलेलें. पलीकडे कोंकणाची खोल दरी, अलीकडे भीमाशंकरच्या अभयारण्याची दाट झाडी, आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. तेथें जाऊन आलेला मनुष्य परतल्यावर एक गोष्ट आवर्जून सांगतो, ती म्हणजे तेथील हवेची. परंतु ती हवा खाण्यासाठीं आपण ज्या मोटारींतून जातों, ती मोटार तेथें काय सोडून येते, याचा विचार क्वचितच होतो. आज त्या विषयाची एकच बाजू आपणांपुढें मांडावयाची आहे. मोटार दहाबारा वर्षांची झाली कीं तिच्या धुराचें शोधन करणारें साहित्य काढून टाकण्याची जी चाल पडली आहे, ती कितपत शहाणपणाची, हा तो प्रश्न होय.

सल्ला बहुधा असा मिळतो. गाडी चढावर दमूं लागते, पेट्रोल अधिक पिऊं लागते, किंवा चालकापुढील फळीवर इंजिनाचा नारिंगी दिवा पेटून राहतो. गॅरेजमधला मिस्त्री गाडीखालीं डोकावतो आणि म्हणतो, "साहेब, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला आहे. नवा घालायचा तर हजारों रुपये जातील. त्यापेक्षां आंतली जाळी काढून टाकतों. गाडी मोकळी होईल, अ‍ॅव्हरेजही वाढेल." मालकास तें पटतें. जाळी भंगारवाल्याकडे जाते, डबा पोकळ करून पुन्हां जागेवर बसविला जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास कांहीं बदललें आहे असें दिसतही नाहीं.

आतां या डब्याचें काम काय तें पाहूं. पेट्रोल पुरतेपणीं जळावयाचें, तर एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. ज्वलन आदर्श झालें, तर त्यांतून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेंच निघावें. परंतु इंजिनांत प्रत्येक स्फोटास सेकंदाचा अल्पसा अंशच मिळतो. त्यामुळें ज्वलन नेहमींच थोडेंफार अपुरें राहतें आणि तीन उपद्रवी द्रव्यें बाहेर पडतात. पहिलें कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हीमोग्लोबिनाला तें प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतें. दुसरें, न जळलेलें इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन. तिसरें, नायट्रोजनचीं ऑक्साइडें. हीं इंधनाच्या दोषानें होत नसून, अतिउष्णतेमुळें हवेंतलेच नायट्रोजन व प्राणवायु एकमेकांशीं जोडले जाऊन होतात. म्हणूनच गाडी चढावर जोर करूं लागली, कीं त्यांचें प्रमाण वाढतें.

कन्व्हर्टरला पुष्कळ लोक चाळणी समजतात. चाळणी धूळ अडवून ठेवते. कन्व्हर्टर कांहींच अडवून ठेवीत नाहीं. त्यांत चिनीमातीसारख्या पदार्थाचा, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें बारीक छिद्रें असलेला एक ठोकळा असतो, आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलाडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. हे धातु उत्प्रेरक आहेत, म्हणजे स्वतः खर्च न होतां दुसऱ्यांमधील रासायनिक क्रिया घडवून आणणारे. डबा सुमारे अडीचशें ते तीनशें अंश सेल्सियसपर्यंत तापला, कीं कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांना प्राणवायु जोडला जातो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून तो काढून घेतला जाऊन निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. सुस्थितींतील कन्व्हर्टर या तिन्ही द्रव्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक भागाचें असें रूपांतर करितो. येथें साधें अंकगणित ध्यानांत घ्यावें. शंभरांतले नव्वद भाग नाहींसे होऊन दहाच बाहेर पडत असतील, तर तो डबा पोकळ केल्यावर दहाचे शंभर होतात. एका मोटारीचा धूर दहा मोटारींइतका होतो.

हें साहित्य आपल्याकडे आलें तें १९९५ सालीं. त्या वर्षीं १ एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींस कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्याबरोबर शिशाविरहित पेट्रोलही आणावें लागलें. कारण शिशाचा थर बसला कीं उत्प्रेरक निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशांत तसेंच पेट्रोल मिळूं लागलें, आणि मुलांच्या मेंदूस अपाय करणारें शिसें आपल्या रस्त्यांवरील हवेंतून हटलें. पुढें भारत स्टेज या नांवाचे नियम टप्प्याटप्प्यानें कडक होत गेले. तिसरा टप्पा पुण्यामुंबईसह अकरा महानगरांत २००५ सालीं आणि देशभर २०१० सालीं आला. चौथा देशभर २०१७ सालीं, आणि सहावा १ एप्रिल २०२० रोजीं. आज ज्यांना आपण जुन्या मोटारी म्हणतों, त्या बहुतेक तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यांतल्या आहेत, आणि त्यांच्या धुराची स्वच्छता मुख्यतः या एका डब्यावर अवलंबून आहे.

मग मिस्त्रीचें म्हणणें अगदींच खोटें काय? तसें नाहीं. चोंदलेला कन्व्हर्टर धुराची वाट अडवितो आणि त्यामुळें गाडीचा जोर कमी होतो, हें खरें आहे. पण तो चोंदला कशानें, हें विचारल्याशिवाय उपाय सांगणें म्हणजे ताप कां आला हें न पाहतां थर्मामीटर फोडण्यासारखें होय. बहुधा दोष इंजिनांत असतो. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळूं लागलें, तर त्याची राख छिद्रांत बसते. स्पार्क प्लग नीट ठिणगी देईनासा झाला, तर न जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळतें आणि अतिउष्णतेनें ठोकळाच वितळतो. मूळ दोष न काढतां डबा पोकळ केला, तर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. परंतु ऑइल जळावयाचें तें जळतच राहतें आणि पेट्रोल वाया जावयाचें तें जातच राहतें. कन्व्हर्टर धडका असेल, तर तो काढून नेहमींच्या वापरांत जाणवण्यासारखा लाभ होत नाहीं; कारण इंजिनाचें सर्व गणित, धुरांतला प्राणवायु मोजणाऱ्या सेन्सरवरून, त्याला धरूनच बसविलेलें असतें.

डिझेल गाड्यांत हाच प्रकार निराळ्या नांवांनीं चालतो. इंजिनांतील उष्णता मर्यादेंत राहावी म्हणून थोडा धूर पुन्हां आंत घेणारी एक झडप असते. तिला मिस्त्री लोक ईजीआर म्हणतात. ती काजळीनें भरते म्हणून पत्रा बसवून कायमची बंद करण्यांत येते. मग नायट्रोजनचीं ऑक्साइडें मनसोक्त वाढतात. नव्या गाड्यांत काजळी धरणारी डीपीएफ नांवाची गाळणी असते. शहरांतल्या शहरांत गाडी फिरविल्यानें ती तुंबते, आणि मोठ्या रस्त्यावर कांहीं काळ सलग वेगानें चालविल्यास तींतली काजळी बहुधा आपोआप जळून जाते. तरी ती काढूनच टाकण्याचा सल्ला दिला जातो. त्या काजळीचे सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर जाऊन बसतात.

येथें कोणी म्हणेल, "आमच्या गाडीला तर पीयूसीचें प्रमाणपत्र मिळालें आहे." हें प्रमाणपत्र अवश्य घ्यावें, पण त्यानें काय सिद्ध होतें हेंही समजून घ्यावें. पेट्रोल गाडीची तपासणी ती जागेवर उभी असतांना होते आणि तींत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन एवढेंच मोजतात. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा चौथ्या टप्प्यांतील गाडीस शेंकडा ०.३ आहे, तर दुसऱ्या टप्प्यापूर्वींच्या गाडीस शेंकडा ३. डिझेल गाडीच्या धुराचा केवळ काळेपणा पाहतात. नायट्रोजनचीं ऑक्साइडें दोहोंतही मोजलीं जात नाहींत. तेव्हां ईजीआर बंद केलेली गाडी या परीक्षेंत सुखानें उत्तीर्ण होऊं शकते.

परीक्षेंत एक आणि रस्त्यावर दुसरें, या प्रकाराचें जगप्रसिद्ध उदाहरण २०१५ सालीं उघडकीस आलें. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींत अशी संगणकीय योजना होती, कीं प्रयोगशाळेंतली तपासणी ओळखून तेवढ्यापुरतें धूर शुद्ध करण्याचें काम पूर्ण चालावें व रस्त्यावर तें मंद व्हावें. अमेरिकेंत हें प्रसिद्ध झाल्यावर आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें तपासण्या केल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीनें भारतांतील सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें जाहीर केलें. या कंपनीचा येथील कारखाना चाकणला, आहुप्याच्या वाटेवरच आहे. त्या वेळीं साऱ्या जगानें कंपनीस दोष दिला. परंतु गल्लींतल्या गॅरेजमध्यें आपण स्वतःच्या गाडीचें तेंच करवून घेतों, तेव्हां त्याला मात्र काटकसर म्हणतों.

कायदा याला काटकसर म्हणत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मनमानी फेरबदल करण्यास मनाई करितें. २०१९ च्या दुरुस्तीनें असा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. परंतु पोकळ डबा पकडण्यास गाडीखालीं शिरणारा पोलीस कोठें भेटणार? हा प्रश्न शेवटीं ज्याच्या त्याच्या विवेकावर येऊन ठरतो.

आतां पुन्हां आहुप्याकडे वळूं. आपल्या गोड्या मसाल्यांत जें दगडफूल पडतें, तें फूल नव्हे. बुरशी व शेवाळ यांच्या सहजीवनानें बनलेली ती एक वनस्पति आहे, आणि तिच्या जातीच्या कित्येक वनस्पति सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढतात. तिला मुळें नसतात. जें काय पोषण घ्यावयाचें तें ती हवेंतून व पावसाच्या पाण्यांतून घेते, आणि म्हणून हवेंतलें विषही तिला टाळतां येत नाहीं. पॅरिस शहराच्या बहुतेक भागांत अशा वनस्पति आढळत नाहींत, हें निलांडर या शास्त्रज्ञानें १८६६ सालींच नोंदविलें होतें. कोळशाच्या धुरांतील गंधक हें त्या काळचें मुख्य कारण. आज मोटारींच्या धुरांतील नायट्रोजनच्या संयुगांनींही नाजूक जाती रस्त्याकांठच्या झाडांवरून हटतात. हींच ऑक्साइडें हायड्रोकार्बनांसह उन्हांत तापून जमिनीलगत ओझोन बनवितात. तो बटाटा, टोमॅटो, द्राक्ष अशा पिकांच्या पानांस अपाय करितो, आणि आंबेगांव-जुन्नरचा शेतकरी तर याच पिकांवर जगतो.

एका मोटारीनें आहुप्याचें अरण्य वाळून जाईल असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु त्या घाटरस्त्यानें डोक्यावर हिरड्याचें ओझें घेऊन चालणारी बाई, शाळेहून परतणारीं मुलें, यांच्या तोंडावरून जो धूर जातो तो आपल्याच गाडीचा असतो. आणि गाडी चढावर असल्यामुळें तो सपाटीवरच्यापेक्षां अधिक विषारी असतो. त्यांच्यापैकीं कोणीही आपल्या पेट्रोलच्या बचतींत वांटेकरी नाहीं. शिवाय धोका केवळ बाहेरच्यांस आहे असेंही नाहीं. डबा कापून पुन्हां जोडतांना जोड कच्चा राहिला, तर धूर गाडीखालीं गळतो. पावसांत कांचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली असतां तो आंत शिरूं शकतो, आणि मागच्या आसनावर झोंपलेल्या मुलाला त्याचा वासही येत नाहीं.

तेव्हां घरांत जुनी मोटार असेल, तर चार गोष्टी पाळाव्या. नारिंगी दिवा लागला, तर प्रथम प्लग, सेन्सर व ऑइलचा खप यांची तपासणी करवावी. कन्व्हर्टरचा विचार शेवटीं. तो खरोखरच निकामी झाला असेल, तर नवा बसवावा, आणि जुना भाग स्वतः पाहून त्याचा हिशेब विचारावा. त्यांतल्या धातूंना भंगारांत चांगली किंमत येते, इतकी कीं उभ्या गाड्यांखालून हा डबा कापून नेण्याच्या चोऱ्या मुंबईपुण्यांत उघडकीस आल्या आहेत. जुनी गाडी विकत घेतांना तो शाबूत आहे कीं नाहीं हें गाडी उचलून पाहावें. आणि उन्हाळ्यांत डोंगरावर गेलां, तर तापलेल्या डब्याची गाडी वाळल्या गवतावर उभी करूं नये. एवढ्यानेंही वणवा पेटूं शकतो. या चारही गोष्टींस लागणारा खर्च नव्या गाडीच्या किंमतीपेक्षां पुष्कळच कमी येईल, आणि तो करूनही जुनी गाडी आणखी कित्येक वर्षें सन्मानानें वापरतां येईल.