'डिपेंडंट' म्हणजे परावलंबी नव्हे

घरात मराठी, बाजारात हिंदी आणि अर्ज भरायचा तो इंग्रजीत, हा आपल्या इंदूरच्या मराठी घरांतला नेहमीचा व्यवहार. त्या अर्जांत 'डिपेंडंट' हा शब्द हमखास भेटतो. मुलाच्या आरोग्यविम्याच्या कागदावर त्या शब्दापुढे आपले नाव पाहून पुष्कळ ज्येष्ठांना वाईट वाटते. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ.

लॅटिनमधल्या 'लटकणे' या अर्थाच्या धातूपासून तो आला. गळ्यातले पेंडंट आणि घड्याळाचा पेंड्युलम ही त्याचीच भावंडे. आपल्या 'अवलंबून'मध्येही संस्कृत 'लम्ब्', म्हणजे लोंबणे, हाच धातू आहे. पेंड्युलमला आपण 'लंबक' म्हणतो तो त्यावरूनच.

वापर कसा करावा? 'डिपेंडंट'नंतर 'ऑन' येते. 'पीक पावसावर अवलंबून आहे' म्हणजे 'द क्रॉप इज डिपेंडंट ऑन रेन'. मराठीतले '-वर', हिंदीतले 'पर' आणि इंग्रजीतले 'ऑन' इथे छान जुळतात. उलट अर्थाच्या 'इंडिपेंडंट'नंतर मात्र सहसा 'ऑफ' येते. आपल्या मनात 'पासून स्वतंत्र' असते, म्हणून तोंडून 'फ्रॉम' निघते.

स्पेलिंग : विशेषणाच्या शेवटच्या भागात 'ई' हे अक्षर असते. 'आश्रित व्यक्ती' असे नाम असेल तर ब्रिटिश पद्धतीत तिथे 'ए' लिहितात. अमेरिकेत दोन्हीकडे 'ई' चालते.

सावधान : 'डिपेंडेबल' हा शब्द वेगळा. त्याचा अर्थ भरवशाचा, ज्याच्यावर इतरांनी विसंबावे असा. नोकरीच्या अर्जात 'आय ॲम अ डिपेंडंट पर्सन' लिहिले, तर 'मी दुसऱ्यावर अवलंबून असणारा आहे' असाच अर्थ निघेल.

आता मूळ प्रश्न. मराठीत 'अवलंबून', 'आश्रित' आणि 'परावलंबी' असे तीन शब्द आहेत. त्यांतला 'परावलंबी' बोचतो, कारण त्यात माणसाच्या कुवतीवरच शेरा असतो. अर्जातला 'डिपेंडंट' फक्त जबाबदारीची नोंद करतो. त्यात कोण येते, उत्पन्नाची मर्यादा किती, हे प्रत्येक योजनेत वेगळे असते. म्हणून सही करण्यापूर्वी तिथली व्याख्या जरूर वाचावी.

आणि आजोबांनी 'हे काय लिहिलंय रे?' असे विचारले, तर 'परावलंबी' असे भाषांतर करू नका. 'आजोबा, तुमच्या औषधपाण्याची जबाबदारी बाबांवर आहे, असं लिहिलंय' एवढेच सांगा. अर्थ बरोबर पोहोचेल आणि त्यांना लागणारही नाही.