बॉनेट बसवलंत, पण लॉक तपासलंत का?

गॅरेजवाल्यांनी कोटेशन कसं द्यावं, हे आपण व्हिडिओत पाहिलं. त्यात एका कामाचा नुसता उल्लेख करून पुढे गेलो होतो. ते इथे नीट सांगतो: बाहेरचं बॉनेट बसवणं.

आधी माझ्याच गाडीची गोष्ट. पुढून धडक बसली, बॉनेट चेपलं. कंपनीचं महाग पडतंय म्हणून मीच म्हटलं, लोकल चालेल. गॅरेजवाल्यानं रंग असा जुळवला की मी खूश! चौथ्या दिवशी हायवेला लागलो, वेग वाढवला आणि बॉनेट थरथरायला लागलं. बघता बघता बोटभर उचललं गेलं. आतल्या दुसऱ्या हुकनं धरून ठेवलं म्हणून आज हे लिहितोय. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर मुख्य लॉकमध्ये स्ट्रायकर अर्धाच जात होता. घरी येऊन बिल काढलं. रंगाचे पैसे होते, पार्टचे होते, फिटिंगचे वेगळे काहीच नव्हते. फुकटात धरलेलं काम शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता यात धोका किती? बॉनेटच्या बिजागऱ्या काचेकडे आणि लॉक पुढे असतं. पुढचं लॉक सुटलं की वारा खालून शिरतो आणि अख्खं बॉनेट उलटून काचेवर आदळतं. ड्रायव्हरला समोरचं काहीच दिसत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे गावात 60 नं जे बॉनेट शांत बसलंय, त्याच्यावर समृद्धी महामार्गावर 120 ला चौपट जोर येतो. तुमची ट्रायल गावातल्या चौकापर्यंतची, ग्राहक निघालाय नागपूरला!

म्हणून कामाचा क्रम पाळा. आधी बिजागऱ्या ढिल्या ठेवून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या करा. मग रबरी बफर फिरवून उंची जमवा. लॉक सगळ्यात शेवटी. बरेच जण फट जमत नाही म्हणून लॉकच सरकवतात आणि तिथेच घोळ होतो. स्ट्रायकरला थोडं ग्रीस लावा, बॉनेट हळूच टेकवा आणि उचलून बघा. ठसा लॉकच्या मधोमध पडायला हवा. केबलही बघा. ती ताणलेली असेल, तर लॉक पूर्ण मिटतच नाही.

खरी परीक्षा यानंतर. बॉनेट वीतभर उंचीवरून सोडून बंद करा आणि पुढच्या कडेला दोन्ही हातांनी वर ओढा. हलता कामा नये. मग आतला खटका ओढा. बॉनेट किंचित उचललं जाऊन दुसऱ्या हुकवर थांबलं पाहिजे. हुकला हात न लावता जोरानं उचलून बघा. उघडलं तर गाडी गेटबाहेर जाणार नाही, मग ग्राहक कितीही घाई करो. असं पाच वेळा करा. लोकल पार्टमध्ये या दुसऱ्या हुकचीच जागा एखाद-दोन मिलिमीटर चुकलेली सापडते.

हौसेनं फायबरचं किंवा कार्बन फायबरचं बॉनेट लावणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. ते हलकं असतं, पण वाऱ्यानं वाकतं. लॉक मध्ये एकच, त्यामुळे दोन्ही कोपरे फडफडतात. तिथे डावीकडे-उजवीकडे एकेक बॉनेट पिन लावतात. खालचा खुंट रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर पक्का बसवायचा, टोकाला रंग लावून बॉनेट टेकवायचं, ठसा पडेल तिथेच भोक पाडायचं. कापलेल्या कडेला रेझिन लावा, आतून धातूची पट्टी द्या, नाहीतर भोकापासून तडे जातात. क्लिपला वायरची दोरी हवीच, कारण क्लिप हरवते आणि मग लोक तारेवर भागवतात. कंपनीचं लॉक मात्र काढू नका. पिन त्याच्या जोडीला असते. आणि जुना गॅसचा दांडा तसाच ठेवलात, तर तो हलकं बॉनेट पिळून टाकतो.

आता धंद्याचं बोलू. बिलात स्वतंत्र ओळ टाका: ‘बॉनेट फिटिंग आणि लॉक तपासणी’. ग्राहक विचारेल, हे कशाचे पैसे? तेव्हा दुसरा हुक त्याच्याच हातानं तपासायला लावा. मी तर आनंदानं दिले असते! फिटिंग सदोष निघाली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. ‘पार्ट बाहेरचा होता’ एवढं म्हणून हात झटकता येणार नाहीत, कारण बसवला तुम्ही. गाडीचा रंग आरसीत नोंदलेला असतो, तेव्हा दुसऱ्या रंगाचं बॉनेट लावणाऱ्याला आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून यायला सांगा.

लॉक बंद असतानाचा आणि दुसऱ्या हुकवर थांबलेलं असतानाचा, असे दोन फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवा. नवे बोल्ट बसतात, रबर दबतं, म्हणून आठवड्यानं गाडी परत बोलवा आणि सगळं पुन्हा आवळा. दहा मिनिटांचं काम आहे. ग्राहक आपणहून येणार नाही, फोन तुम्हीच करायचा.